विश्रामबागची अभ्यासिका : खुर्ची ठीकठाक, जिना एक नंबर

पाचपैकी साडेतीन स्टार. एक स्टार डिपॉझिटच्या भानगडीत गेला आणि अर्धा पाण्याच्या फिल्टरमुळं, दोन्हीचं खाली सांगते. अभ्यासिकेचं नाव लिहीत नाहीये, कारण तक्रार पण लिहायचीय आणि मालक काका माणूस म्हणून चांगलेत, उगाच त्यांना ताप नको. सांगलीत विश्रामबागात मेन रोड सोडून आत आलं की खाली झेरॉक्सचं दुकान, शेजारी चहाची टपरी आणि वरती 'शांतता राखा'ची पाटी अशा अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत, त्यातलीच एक समजा. येणारे-जाणारे ओळखतीलच.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे कुठल्या नजरेनं लिहिलंय ते कळेल. मी लातूर जिल्ह्यातली. आमच्याकडं दहावीचा निकाल लागला की पाहुणे अभिनंदन नंतर करतात, आधी विचारतात 'बायो का मॅथ्स'. मी बायो घेतलं, सगळ्यांसारखे क्लास लावले, नीटचा स्कोअर गव्हर्नमेंट कॉलेजला पुरला नाही आणि प्रायव्हेटची फी आमच्या घराला पुरत नव्हती. मावशी मिरजेत, तिचे मिस्टर रेल्वेत, म्हणून इकडं बीएस्सीला आले आणि केमिस्ट्री घेतली. मिरजेचं नाव तेवढं लहानपणापासून पाठ होतं, कारण २०१६ च्या उन्हाळ्यात आमच्या लातूरला पाणी घेऊन जी रेल्वे यायची ती मिरजेला भरायची, जलदूत म्हणायचे तिला, पुढं पुढं पन्नास वाघिणी आणि एका खेपेला पंचवीस लाख लिटर पाणी. आणि इथं आले तर पहिल्याच पावसाळ्यात बघते तर लोकांना पाणी जास्त झाल्याचं टेन्शन. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ४० फुटांवर गेली की इशारा, ४५ ला धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये तर ५७ च्या वर गेलेली. जुलै-ऑगस्टात अभ्यासिकेत एकजण तरी तासातासाला मोबाईल बघून हळूच सांगणार 'अडतीस झाली रे', की नदीकाठच्या गावभागातली पोरं पुस्तकं मिटून घराकडं पळणार. मला हे पचायलाच वेळ लागला.

बरं, आता अभ्यासिका. दोन हॉल आहेत, एक साधा आणि एक एसी. साध्याला महिना आठशे, एसीला बाराशे. मी साध्यात बसते, कारण एसी हॉलमध्ये टेंपरेचरवरून जी मूक भांडणं चालतात ती बघितलीत मी, एकजण उठून २४ करतो, दुसरी उठून २८ करते, तोंडातून शब्द नाही पण डोळ्यांनी शिव्या. त्यात लाईट गेली की इन्व्हर्टरवर फक्त ट्यूब आणि पंखे चालतात, म्हणजे एसीवाल्यांचे जादाचे चारशे त्या दिवशी वाया. सकाळी सहाला उघडतं, रात्री अकराला बंद, मुलींना दहापर्यंतच. हे दहाचं मला पटलेलं नाही पण काकांशी वाद घालून उपयोग नाही, ते म्हणतात 'तुझ्या वडलांना उत्तर मला द्यावं लागंल'. (माझ्या पप्पांनी त्यांना एकदाच फोन केलाय, आणि तो पण फी गुगल पे केली चालेल का विचारायला.)

टेबल प्लायचे, मधी पार्टिशन, प्रत्येकाला एक प्लग आणि एक छोटी ट्यूब. खुर्च्या प्लास्टिकच्या, दोन तास बसलं की पाठ बोलायला लागते, त्यामुळं बरेच जण घरून उशी आणतात. माझ्या पार्टिशनवर आधीच्या कुणीतरी पेनानं खरवडून 'आई, यंदा होतंय' असं लिहिलंय आणि त्याच्या खाली दुसऱ्या अक्षरात आणि दुसऱ्या शाईत 'झालं का?'. उत्तर काय कुणी लिहिलेलं नाही. मी काकांना विचारलं इथं आधी कोण बसायचं, तर म्हणाले अगं पोरं येतात जातात, मी काय नावं लक्षात ठेवू.

वायफाय आहे पण संध्याकाळी सात ते नऊ रांगतं. पेपर पाच-सहा येतात, दुपारपर्यंत त्यांची पानं वेगवेगळ्या टेबलांवर गेलेली असतात, संपादकीयचं पान तर सकाळी सातलाच गायब. मुलींचं बाथरूम वेगळं आहे आणि सकाळी स्वच्छ असतं, संध्याकाळचं विचारू नका. पाण्याचा फिल्टर मी आल्यापासून 'उद्या माणूस येणारे' या अवस्थेत आहे. आता तर सगळे बाटली घरूनच भरून आणतात, नवीन आलेला एखादाच बिचारा नळ फिरवत बसतो.

एवढंच असतं तर मी तीन स्टार देऊन गप्प बसले असते, कारण अशी सोय कुठं पण मिळते. खरी गोष्ट आहे जिन्याची.

काकांचा नियम असा की हॉलमध्ये एक शब्द नाही, फोन नाही, डबा नाही. काय करायचं ते जिन्यात. त्यामुळं पहिला आणि दुसरा मजला यांच्या मधल्या पायऱ्यांवर कायम पाच-सहा जण चहाचे कप घेऊन बसलेले. मधोमध भडंगचं पुडकं फोडलेलं, त्यात कुणीतरी कांदा चिरून टाकलेला. आमच्याकडं चुरमुरे भिजवून सुशीला करतात, ते सांगितल्यावर सगळे असे हसले, म्हणे चुरमुरे भिजवायचे? आता मी पण भडंगवर आलेय, पण सुशीला ती सुशीलाच, एकदा करून आणणारे सगळ्यांना.

तर त्या पायऱ्यांवर मला जेवढं कळलं तेवढं कुठल्या करिअर गायडन्समध्ये कळलं नाही. त्याआधी मी एका सेमिनारला गेलेले, फ्री म्हणून. दोन तास स्क्रीनवर तुमची आवड ओळखा, स्वप्नं मोठी बघा, आणि शेवटी हातात कोर्सचं पत्रक, आज अॅडमिशन घेतली तर डिस्काउंट. जिन्यात असलं काही नाही. इथं प्रत्येकजण कशात तरी अडकलेला आहे आणि कुठं अडकलाय ते सरळ सांगतो.

एक ताई आहेत जतच्या, राज्यसेवा करतायत. त्यांची सगळी तयारी ऑब्जेक्टिव्हच्या हिशेबानं झालेली आणि २०२५ पासून मुख्य परीक्षा डिस्क्रिप्टिव्ह झाली, यूपीएससीसारखी, नऊ पेपर, लेखी १७५० मार्क आणि मुलाखत २७५. म्हणजे ज्या हातानं इतकी वर्षं गोल रंगवले त्याच हातानं आता तीन-तीन तास उत्तरं लिहायची. त्या टेबलावर छोटं घड्याळ लावून फुलस्केप वहीत लिहीत असतात, मधेच उठून जिन्यात येऊन मनगट झटकतात, परत आत. कुणी नवीन पोरगं 'मी पण एमपीएससी करावं म्हणतोय' म्हणालं की ताई त्याला पुस्तकांची यादी देत नाहीत, विचारतात 'घरात किती वर्षांचं बोलणं झालंय?'. ओपनला ३८ वर्षांपर्यंत देता येते, मागासवर्गीयांना ४३, म्हणून कुणी थांब म्हणत नाही, थांबायचं कधी हे आपणच आधी ठरवून ठेवायचं असं त्यांचं म्हणणं. तलाठी भरतीचं उदाहरण त्या कायम देतात, २०२३ ला साडेचार हजारांच्या वर जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. भीती घालायला नाही सांगत, भागाकार करून बघ म्हणतात.

मला पण यांनीच जमिनीवर आणलं. मी मोठ्या रुबाबात म्हणाले, मी फूड सेफ्टी ऑफिसर होणार, केमिस्ट्री आहेच माझी. ताईंनी मोबाईलवर जुनी जाहिरात काढून पुढं धरली. त्यात बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक, फूड टेक, डेअरी टेक यांची डिग्री चालते, पण केमिस्ट्रीवाल्यांना मास्टर्स लागतं. नुसत्या बीएस्सीवर फॉर्मच भरता येत नाही! कॉलेजात आम्ही वर्गभर 'केमिस्ट्री घेतली की एफडीए', म्हणजे अन्न-औषध खात्यात नोकरी, असं म्हणत फिरत होतो आणि एकानं पण पात्रतेचा रकाना वाचला नव्हता. त्या दिवशी अर्ध्या तासात माझं थर्ड इयरनंतर बाहेर पडायचं का, ऑनर्सचं चौथं वर्ष करायचं का, का एमएस्सीला जायचं, हे जे महिनोन् महिने डोक्यात फिरत होतं ते निम्मं सुटलं.

उरलेलं निम्मं सुटलं मार्केट यार्डात, आणि तिथं पण जिन्यामुळंच गेले. बीकॉम झालेला एक पोरगा आहे, सीए इंटरची तयारी करतो आणि दिवसा हळदीच्या एका आडत दुकानात हिशेब लिहितो. त्याच्या शर्टाच्या बाह्या कायम पिवळ्या. मी म्हटलं आडत आम्हाला काय नवीन, लातूरला सोयाबीन आणि तुरीची आडत बघतच मोठी झालेय. तर म्हणाला हळदीचा सौदा बघितलायस का, ये एकदा.

गेले. आत शिरल्या शिरल्या नाकात बसतो तो वास, तिखट नाही आणि गोड पण नाही, दिवसभर केसातून जात नाही. पोत्यांच्या थप्प्या, समोर प्रत्येक वक्कलाचा, म्हणजे विक्रीला आलेल्या एकेका मालाचा, नमुना ओतलेला, आणि खरेदीदारांचा घोळका एका ढिगावरून दुसऱ्यावर सरकत जातोय, सगळे एकदम बोलतायत, मला तर कोण किती म्हणाला तेच कळेना. एक वयस्कर व्यापारी खाली बसले, ढिगातनं एक हळकुंड उचललं, कानाजवळ नेऊन मोडलं. कट्‌ असा आवाज आला. मोडलेली बाजू उजेडात धरली, आतला रंग बघितला, नखानं जरा खरवडलं आणि टाकून दिलं. दुसऱ्या ढिगातलं मोडलं तर आवाज बसका आला, तसेच उठले, भाव पण विचारला नाही. ओल राहिलीय, नीट वाळली नाही, असं तो पोरगा मला कानात म्हणाला. हळकुंडं वेगळी, गड्डे म्हणजे मधले जाड कंद वेगळे, भाव वेगळा. सांगलीच्या हळदीला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय ते मला पाठ होतं, जीकेमध्ये येतं म्हणून, पण हळद बघितली त्या दिवशी.

आणि मग तो सहज म्हणाला की मोठे मसालेवाले आता आवाजावर आणि रंगावर थांबत नाहीत, करक्यूमिन, म्हणजे हळदीला पिवळा रंग देणारं द्रव्य, किती टक्के ते विचारतात, नमुना लॅबला जातो. मी म्हटलं थांब थांब. करक्यूमिन मोजायचं म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, द्रावण किती उजेड शोषतं ते मोजायचं यंत्र, ४२५ नॅनोमीटरला रीडिंग. हे यंत्र आम्हाला प्रॅक्टिकलला होतं आणि बॅचमधले सगळे एकाचीच रीडिंग उतरवून काढायचे, कारण कशासाठी करतोय ते कुणाला माहीतच नव्हतं! इथं त्याच आकड्यावर भाव कमी-जास्त होतोय. भेसळीचं पण तसंच, मेटॅनिल यलो टाकलेली हळद हायड्रोक्लोरिक अॅसिडनं गुलाबी होते हे आम्ही पाच मार्कांचं उत्तर म्हणून पाठ केलेलं, आणि चकाकीसाठी लेड क्रोमेट लावलेली हळद माणसाच्या पोटात शिसं घालते हे मी त्या संध्याकाळी जाऊन वाचलं. मसाल्याच्या लॅबमध्ये काम करायचं, जमलं तर पुढं फूड अॅनालिस्ट, हे तिथं यार्डात उभं राहून डोक्यात आलं. घरी फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, म्हणजे हळदीची डॉक्टर का. म्हटलं हो, तसंच समज.

बाकी जिन्यातली मंडळी थोडक्यात. पोलीस भरतीची पोरं सकाळी ग्राउंडवर १६०० मीटर आणि गोळा करून येतात आणि अकरा वाजता टेबलावर डोकं ठेवून झोपलेली असतात, त्यांच्या बाजूला बसू नका, बामाचा वास आणि घोरणं दोन्ही. विट्याकडची एक मैत्रीण आहे, तिचे वडील तमिळनाडूत गलाईचं दुकान चालवतात, सोनं-चांदी गाळायचं. खानापूर-आटपाडी भागातली अशी घरं देशभर पसरलीत हे मला तिच्यामुळं कळलं. ती बँकेच्या परीक्षा देते आणि वैतागली की तमिळमध्ये बडबडते. मिरजेचा एक आहे सतारमेकर गल्लीतला, रेल्वेची परीक्षा देतो, घरात सतारी-तंबोरे बनवायचं काम. त्याच्याकडं आम्ही गेलेलो तेव्हा त्याचे चुलते जवारी लावत होते, म्हणजे तारा ज्या घोडीवरून जातात तिचा पृष्ठभाग कानस मारून मारून असा करायचा की तारेचा आवाज खुलला पाहिजे. जरा घासायचं, तार छेडायची, परत घासायचं. भोपळे पंढरपूरकडून येतात. पूर्वी हत्यारं करणारी ही शिकलगार घराणी वाद्यांकडं वळली म्हणे, आणि मिरजेच्या सतारीला-तंबोऱ्याला पण आता जीआय मिळालंय. मी त्याला म्हटलं हे सोडून तू रेल्वेच्या मागं? तर म्हणाला चुलत्यांचा हात बसायला वीस वर्षं गेली, तोवर घर कोण चालवणार, तू? मी गप्प. बाहेरून आलेल्याला दुसऱ्याच्या घरचा धंदा लगेच भारी वाटतो.

एका रविवारी आम्ही सगळ्या पोरी हरिपूरला संगमावर पण गेलो, जिथं वारणा कृष्णेला मिळते. तिथं जमिनीखालची पेवं होती हळद साठवायची, २००५ च्या पुरात त्यांचं फार नुकसान झालं. शहर बघायचं असं ठरवून मी कधीच बाहेर पडले नाही, जिन्यात कुणीतरी 'चल' म्हणालं म्हणून बघितलं सगळं.

आता तक्रार. लॉकरचं डिपॉझिट पाचशे घेतात. माझी एक मैत्रीण सोडून गेली तेव्हा पैसे परत मागितले तर 'पावती दाखव'. पावती तर घेताना दिलीच नव्हती, वहीत लिहिलेलं, आणि ती वही म्हणे संपली, नवीन चालू आहे. अहो संपली म्हणजे फेकली का? ती बिचारी महिनाभर फोन करत होती, शेवटी अर्धे मिळाले. हिशेब काका बघत नाहीत, त्यांचा पुतण्या बघतो, आणि पुतण्या सापडत नाही. त्यामुळं लॉकर घेणार असाल तर तिथंच उभं राहून पावती मागा, नाहीतर निदान वहीच्या पानाचा फोटो काढून ठेवा. दुसरं, वर्षाचे एकदम भरले तर दोन महिने फ्री अशी स्कीम आहे, ती घेऊ नका. मधेच सोडलं तर पैसे परत नाहीत असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय, आणि या वयात वर्षभराचं काय ठरलेलं असतं आपलं. महिन्याचे महिन्याला भरा.

कुणी घ्यावी? ज्याला बारा तास मान वर न करता वाचायचंय त्यानं नको, जिन्यातली खुसफुस आत येते आणि गणपतीच्या आधी महिनाभर मागच्या मैदानात ढोलपथकाचा सराव असतो, इअरप्लग घालून पण छातीत वाजतो. ज्याचं पक्कं ठरलंय त्यानं पण नको, उगाच चार जणांचं ऐकून डळमळेल. पण बाहेरगावाहून आलाय, डिग्री चालू आहे आणि पुढं काय ते धड सांगता येत नाही, अशांनी बिनधास्त घ्या. पहिले दोन दिवस ट्रायल फ्री देतात, मागितलं तरच. जूनमध्ये आणि मोठी जाहिरात आली की जागा मिळत नाही, एप्रिल-मेमध्ये विचारा. खिडकीकडची रांग दुपारी तापते, उन्हाळ्यात भिंतीकडची घ्या. गाडी समोर लावू नका, शेजारचे हवा सोडतात.

मी पुढच्या महिन्याचे भरलेत, एमएस्सीची एन्ट्रन्स होईपर्यंत तरी इथंच आहे. टेबल मात्र बदलून मागितलंय, दाराजवळचं. काका म्हणाले तिथं जिन्यातला सगळा आवाज येतो बघ, नंतर तक्रार करायची नाही. म्हटलं तेवढ्यासाठीच पाहिजे, आणि फिल्टरचं कधी बघताय?